काटे नसलेलं घड्याळ मनगटावर बांधून पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही यांत्रिक घड्याळं काट्यांनी वेळ सांगत नाहीत. त्यांत आकडेच सरकतात, उडी मारून बदलतात किंवा एखाद्या नळीतून रंगीत द्रव पुढे जातो. अशी घड्याळं विकत घेणारे मोजके, पण एकदा तरी हातात बांधून पाहावीत असं वाटणारे पुष्कळ. मला या घड्याळांचं मनापासून वेड आहे. ओळखीतलं कुणी असं घड्याळ पाहायला निघालं की पुन्हा पुन्हा हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

काटेच नाहीत, तर वेळ कळते कशी?

रीती अनेक आहेत. मुख्य चार-पाच ओळखीच्या झाल्या की बाकीची घड्याळं त्यांच्याच नात्यातली वाटू लागतात.

सगळ्यात जुनी आणि माझ्या सगळ्यात आवडीची रीत म्हणजे फिरते तास. तासांचे आकडे छोट्या चकत्यांवर असतात. चालू तासाचा आकडा मिनिटांच्या एका कमानीवरून ० पासून ६० पर्यंत हळूहळू सरकतो. कोणता आकडा आहे यावरून तास कळतो आणि तो कुठवर आलाय यावरून मिनिटं. तो ६० ला पोहोचून बाहेर पडतो तेव्हा पुढचा आकडा ० पाशी येऊन उभा असतो. ही युक्ती १६५० च्या दशकातली आहे. पोप सातवे अलेक्झांडर यांना रात्री झोप लागत नसे, घड्याळाची टिकटिक सहन होत नसे आणि अंधारात वेळही दिसत नसे. त्यांच्यासाठी रोममध्ये कंपानी बंधूंनी जवळजवळ बिनआवाजाचं घड्याळ बनवलं. त्याचे आकडे आरपार कापलेले होते आणि मागे दिवा ठेवलेला असे. उजळलेला आकडा कमानीवरून सरकताना पलंगावरूनही दिसे. पुढे ही रीत मागे पडली. १९९१ मध्ये ओदेमार पिगे या घड्याळ कंपनीने ‘स्टार व्हील’मधून ती मनगटावर आणली. १९९७ मध्ये घड्याळजी फेलिक्स बाउमगार्टनर आणि कलावंत मार्टिन फ्राय यांनी उर्वर्क ही कंपनी काढली आणि आपलं बहुतेक काम याच कल्पनेभोवती उभं केलं.

दुसरी रीत उडी मारणाऱ्या आकड्यांची. खिडकीत आकडा दिसतो आणि वेळ झाली की क्षणात बदलतो. योसेफ पालवेबर यांनी १८८३ मध्ये खिशातल्या घड्याळासाठी ही रचना केली होती. आजचं तिचं भारदस्त रूप पाहायचं तर ए. लांगे उंड झ्योनेचं २००९ मधलं ‘त्साइटवेर्क’ पाहावं. त्याची प्रेरणा ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहातलं १८४१ चं मोठं घड्याळ. ते रंगमंचाच्या वरच्या बाजूला होतं आणि दर पाच मिनिटांनी त्याचा आकडा बदलत असे.

उलिस नार्दँच्या २००१ मधल्या ‘फ्रीक’मध्ये घड्याळाचं मशीनच तासाला एक फेरी मारतं आणि तेच मिनिटांचा काटा होतं. एचवायटीने २०१२ मध्ये आणलेल्या ‘एच१’मध्ये बारीक काचेच्या नळीत एक रंगीत आणि एक पारदर्शक, असे एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव आहेत. दोघांची सीमा जिथे असेल तो तास. मिनिटांची तबकडी वेगळी. रेसाँसच्या घड्याळात तबकडीच फिरते आणि तिच्यातल्या छोट्या तबकड्या तिच्यासोबत जागा बदलत राहतात.

नुसतं घालून बघायचं असेल तर चालतं का?

चालतं. आधी कळवून, वेळ ठरवून जा आणि खरं ते सांगा: घ्यायचं अजून ठरलेलं नाही, समजून घ्यायचं आहे. अशी घड्याळं दाखवणाऱ्यांना स्वतःलाच ती इतकी आवडत असतात की मनापासून विचारणारा माणूस आला तर ते बहुधा खुलतात. मात्र तुमच्यासाठी घड्याळ मागवून ठेवलेलं असेल आणि जाणं जमत नसेल, तर तसं आधी कळवा.

किती वेळ हाताशी ठेवायचा?

किमान पाऊण तास. आणि पोहोचायचं ते तास भरायला वीस मिनिटं असताना. या पानावरची दुसरी कुठलीही गोष्ट विसरलात तरी हरकत नाही, ही विसरू नका: तास बदलताना पाहिल्याशिवाय घड्याळ उतरवू नका.

काट्यांच्या घड्याळात सात वाजले म्हणून काही विशेष घडत नाही. काटे आपापल्या वाटेने जात राहतात. या घड्याळांमध्ये मात्र बनवणाऱ्याची सगळी बुद्धी त्या एका बदलावर खर्च झालेली असते. बाकीची एकोणसाठ मिनिटं त्याची तयारी चाललेली असते.

मी स्वतः पहिल्यांदा असं घड्याळ बांधलं तेव्हा घड्याळात दहा-बारा मिनिटं झाली होती. पंचवीस मिनिटं बसलो. आकडा कमानीवर मधोमध होता, वेळ स्वच्छ वाचता येत होती. घड्याळ कळलं, असं समजून मी निघालो. काही आठवड्यांनी तेच घड्याळ पुन्हा हातात आलं तेव्हा तास संपायला तीन मिनिटं होती. मी पूर्ण एका तासाने चुकीची वेळ वाचली. पहिल्या भेटीत मी त्या घड्याळाचा सोपा भागच तेवढा पाहिला होता. तेव्हापासून कुणी विचारलं की आधी हेच सांगतो.

तुमच्या वेळेचं गणित जमत नसेल तर घड्याळ तासाच्या अलीकडे लावून द्यायला सांगा. एचवायटीसारख्या घड्याळात तर हे करावंच लागतं. तिथे द्रव ६ पासून निघतो आणि अर्ध्या दिवसाने पुन्हा ६ पाशी पोहोचल्यावर एकदाच मागे परततो. म्हणजे तो सोहळा दिवसातून दोनच वेळा. पावणेसहाला लावून मागा.

तास बदलताना नेमकं कुठे पाहायचं?

फिरत्या तासांच्या घड्याळात एकाच वेळी तीन गोष्टी चाललेल्या असतात, म्हणून शक्य असेल तर दोन तास-बदल पाहावेत.

उर्वर्कचं २००३ मधलं ‘यूआर-१०३’ उदाहरणाला घेऊ. मधल्या फिरत्या आधाराला चार हात, प्रत्येक हातावर एक चकती, प्रत्येक चकतीवर तीन आकडे. चार त्रिक बारा. एका हाताचा एक तास, म्हणून पूर्ण फेरी चार तासांची. एका चकतीवर १ असेल तर तिच्यावरचे बाकीचे आकडे ५ आणि ९, कारण ती चार-चार तासांनी कमानीवर येते. आता कळीचा मुद्दा: ती चकती १ दाखवून बाहेर पडली की पुन्हा यायच्या आत तिला स्वतःभोवती तृतीयांश फिरून ५ समोर आणायचा असतो. हे काम माल्टीज क्रॉस नावाचा खाचांचा भाग करतो. चकती फिरत जाताना खाचेत एक खुंटी अडकते, चकतीला एक टप्पा वळवते आणि सोडून देते. मधल्या वेळात चकती हलू शकत नाही.

ज्या घड्याळांचा मधला भाग उघडा असतो त्यांत हे वळणं दिसतं. निरोप घेतलेल्या चकतीवर नजर ठेवा. समोरच्या कमानीवर नवा आकडा ० ओलांडत असतो आणि मागे, कुणाचं लक्ष नसताना, जुनी चकती हळूच कूस बदलते. मला दर वेळी ते पाहताना श्वास रोखावासा वाटतो.

उडी मारणाऱ्या आकड्यांचा अनुभव याच्या उलट. त्साइटवेर्कमध्ये मिनिटांचा आकडा दर मिनिटाला बदलतो, दर दहा मिनिटांनी दोन चकत्या हलतात आणि तास भरला की तिन्ही एकदम. ५९ नंतर शांतता असते, मग एका झटक्यात सगळं नवं. त्या क्षणी घड्याळ कानाजवळही धरून पाहा. चकत्या थांबताना होणारा आवाज कोरडा आणि नेमका असायला हवा. आत हवेच्या विरोधाने गती आवरणारं एक छोटं पातं असतं, ते या उडीचा जोर सोसतं.

फ्रीकमध्ये असा क्षण नाही. तिथे तास बदलायची वाट पाहू नका. काही मिनिटं डोळे दुसरीकडे वळवा आणि मग मशीन कुठे सरकलंय ते पाहा.

मला पहिल्यांदा वेळ चुकीची वाचली जाते. दोष माझा का?

नाही. लहानपणापासून डोळ्यांना मध्यावरून बाहेर जाणारे दोन काटे शोधायची सवय असते. ते सापडले नाहीत की नजर भिरभिरते आणि जो आकडा ठळक दिसेल तो उचलते. फिरत्या तासांच्या घड्याळात तास संपत आला की एका टोकाला जाणारा आकडा असतो, दुसऱ्या टोकाला येणारा. नवख्या माणसाची नजर येणाऱ्यावर पडते. ६ वाजून ५८ मिनिटांना तो ७ वाजून ५८ वाचतो. माझी चूक नेमकी हीच होती.

वळण लावायची सोपी युक्ती आहे. आधी मिनिटं वाचा, मग तास. कमानीच्या आत कोण कितव्या मिनिटावर आहे ते पाहा आणि जो आत आहे त्याचंच नाव घ्या. पाच-सहा वेळा केलं की डोळा शिकतो. बनवणारेही मदत करतात: कुठे येणाऱ्या आकड्यावर सावली ठेवतात, कुठे चालू आकड्याला टोक देतात. ती मदत पुरते का हे पाहणं म्हणजेच घालून पाहणं.

वीस मिनिटांनीही अडखळायला होत असेल तर मात्र ते नोंदवून ठेवा. काही रचना खरोखरच सुंदर असतात आणि खरोखरच वाचायला कठीण असतात.

रोज वापरायचं म्हटलं तर कोणती रीत सोपी?

हा प्रश्न मी मराठीतून सोडवतो.

आपण ‘पावणेसात’ म्हणतो. सात अजून वाजायचे असतात, तरी शब्दात ते आधीच येऊन बसलेले असतात. सव्वासहा आणि साडेसहा सहाच्या पुढे मोजायचे, पावणेसात मात्र साताच्या अलीकडे. दीड आणि अडीच तर आपापली स्वतंत्र नावं घेऊन आलेले. गोल तबकडीवर हे सगळं डोळ्यांना न सांगता कळतं: मोठा काटा डावीकडे आडवा झाला, वर्तुळाचा एक पाव उरला, की पावणे.

आता उडीच्या आकड्यांचं घड्याळ बांधा. समोर ६ आणि ४५ दिसतात. वाचायला लख्ख, चूक होणं अशक्य. पण मनात ‘पावणेसात’ उमटायला छोटीशी वजाबाकी करावी लागते. पंधरा मिनिटं उरली आहेत हे दिसत नाही, काढावं लागतं. फिरत्या तासांत ६ चा आकडा कमानीच्या तीन हिस्से पुढे आलेला असतो आणि चौथा हिस्सा रिकामा दिसतो. उरलेला पाव डोळ्यांसमोर असतो, फक्त सात अजून कमानीवर आलेले नसतात. फ्रीकमध्ये वर्तुळ तसंच राहिलेलं आहे, त्यामुळे पावणे, सव्वा, साडे सगळं जसंच्या तसं. द्रवाच्या घड्याळात रंगाची सीमा साताच्या थोडी अलीकडे थबकलेली दिसते. तासाचा अंदाज छान येतो, मिनिटांसाठी दुसऱ्या तबकडीकडे जावं लागतं.

म्हणून सोबत कुणाला तरी घेऊन जा आणि त्या व्यक्तीला अधूनमधून, कुठल्याही क्षणी ‘किती वाजले?’ असं विचारायला सांगा. पटकन मोठ्याने उत्तर द्या. तोंडून ‘सहा पंचेचाळीस’ आलं की तुम्ही आकडे वाचलेत. ‘पावणेसात’ आलं की घड्याळ तुमच्या डोळ्यात बसलं. सभेच्या वेळा, गाड्यांच्या वेळा नेमक्या लागतात त्यांनी पहिल्या प्रकाराकडे झुकावं. दिवस किती सरला, किती उरला याची जाण हवी त्यांनी दुसऱ्याकडे. मी दुसऱ्यातला.

मनगट बारीक आहे. एवढं मोठं घड्याळ शोभेल?

व्यासाचा आकडा विसरा. या घड्याळांचे आकार इतके वेगळे असतात की मिलिमीटरमधला व्यास फसवतो. पाहायचं ते लगांमधलं अंतर. लग म्हणजे पट्टा ज्यात अडकतो ते कान. एका टोकाच्या लगापासून दुसऱ्या टोकाच्या लगापर्यंतची लांबी मनगटाच्या वरच्या सपाट भागात मावली पाहिजे. लग हवेत तरंगत असतील आणि पट्टा तिथून सरळ खाली उतरत असेल, तर घड्याळ दिवसभर हलत राहणार. एमबी अँड एफच्या ‘एचएम४ थंडरबोल्ट’सारख्या विमानाच्या इंजिनांची आठवण करून देणाऱ्या, दोन नळकांड्यांच्या घड्याळात लग बिजागरीवर हलते ठेवले आहेत ते याचसाठी.

मग हे करून पाहा. हात खाली सोडा, घड्याळ हाताच्या पंजाकडे घसरतं का? तळवा टेबलावर टेकवून हातावर भार द्या, कडा मनगटाच्या मागे रुतते का? आरशात लांबून पाहा, कारण मान खाली घालून पाहताना घड्याळ असतं त्याहून मोठं दिसतं.

वजनाचंही तसंच. टायटॅनियम पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं, सोनं पोलादाच्या जवळपास दुप्पट. एकच आकार दोन धातूंत मिळत असेल तर दोन्ही बांधून पाहा, दोन वेगळी घड्याळं वाटतात.

लांब बाह्यांचे कपडे घालून जायचं का?

हो, नेहमी घालता तसेच कपडे घालून जा. जाडी बाहीखालीच कळते.

शिवाय काही घड्याळं बाहीचा विचार करूनच बनवलेली असतात. उर्वर्कच्या २०११ मधल्या ‘यूआर-११०’मध्ये वेळ घड्याळाच्या उजव्या कडेला दिसते. डाव्या मनगटावर बांधलं तर बाहीतून तेवढीच कड बाहेर डोकावते आणि हात न वळवता, समोरच्याला न जाणवता वेळ वाचता येते. एमबी अँड एफच्या २०१२ मधल्या ‘एचएम५’मध्ये तर वेळ समोरच्या उभ्या कडेवर आहे, गाडीच्या डॅशबोर्डसारखी. आतल्या चकत्या आडव्याच असतात आणि त्यांवरचे आकडे आरशातल्यासारखे उलटे छापलेले. सफायरचा लोलक ते सुलटे करून, उभे करून दाखवतो. ही मांडणी १९७० च्या दशकातल्या आमिदा ‘डिजिट्रेंड’ या घड्याळावरून सुचलेली. स्टिअरिंगवर हात ठेवल्याप्रमाणे दोन्ही हात समोर धरून ते पाहा, मग त्याचं सगळं म्हणणं कळतं. टेबलावर ठेवलेल्या ट्रेमध्ये पाहून ते कधीच कळणार नाही.

घड्याळ हाताळताना काय सांभाळायचं?

अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. सफायर काचेची कठीणता मोसच्या मापात ९ आहे, पोलादाने तिला ओरखडा जात नाही, पण हिऱ्याची १० आहे. खड्याची अंगठी म्हणूनच धोक्याची. आणि केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, काचेपेक्षा फार मऊ असते, विशेषतः पॉलिश केलेलं सोनं. बांधताना आणि उतरवताना मनगट ट्रेच्या किंवा मऊ कापडाच्या वर ठेवा. बकल लावायचं काम पहिल्या वेळी दाखवणाऱ्यालाच करू द्या. फोन, टॅबलेटचं कव्हर, चुंबकी कुलपाची पिशवी यांच्याजवळ ठेवू नका, कारण बहुतेक यांत्रिक घड्याळांची बारीक स्प्रिंग चुंबकाने बिघडते.

आणि विचारल्याशिवाय काहीही फिरवू नका. हे पुढच्या प्रश्नात येतंच.

बाजूला चावीच दिसत नाही. चावी द्यायची कशी, वेळ लावायची कशी?

सरावलेला हातही इथे थांबतो. मूळ फ्रीकला क्राउन, म्हणजे बाजूची चावी नाहीच. चावी देण्यासाठी पाठीचं झाकण फिरवायचं आणि वेळ लावायला वरची कड. ती कड चुकून फिरू नये म्हणून खालच्या बाजूला एक खटका आहे. रेसाँसमध्येही सगळं काम पाठीमागून. त्साइटवेर्कची चावी नेहमीच्या ३ च्या जागी नसून २ पाशी आहे.

स्वतःच्या हाताने चावी देऊन पाहण्याची परवानगी जरूर मागा. रोजचं नातं तिथेच असतं. बोटांना पकड मिळते का, किती जोर लागतो, पुरे झालं हे कसं कळतं, हे सगळं करूनच समजतं. वेळ मागे फिरवलेली चालते का, हेही विचारा. सगळ्या रचनांना ती चालत नाही, आणि उत्तर माहीत नसलेला माणूस घड्याळ दाखवत असेल तर तुम्ही तरी फिरवू नका.

एवढी करामत करूनही वेळ अचूक राहते का?

राहू शकते, पण त्यासाठी बनवणाऱ्याला जास्त कष्ट पडतात. कारण समजून घेण्यासारखं आहे.

काटा हलका असतो आणि सतत, जराजरासा सरकतो. चकती जड असते. आणि उडीच्या घड्याळात तर ती स्थिर असताना एकदम हलवायची आणि तितकीच एकदम थांबवायची. ही ताकद येते कुठून? त्याच एका मुख्य स्प्रिंगमधून, जिच्यावर घड्याळाचा ठोका चालतो. ताशी २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला आठ, हा आजच्या घड्याळांतला नेहमीचा वेग. ठोक्याला मिळणारा जोर मध्येच कमी-जास्त झाला की वेळ डळमळते. त्साइटवेर्कमध्ये यावर उपाय म्हणून मधे एक दुसरी छोटी स्प्रिंग बसवली आहे. ती दर मिनिटाला भरते आणि ठोक्याला एकसारखा जोर पुरवते. तिच्याच सुटण्यावर आकड्यांची उडीही साधते. तरी ताकद पुष्कळ लागते. २००९ च्या त्साइटवेर्कची चावी ३६ तास पुरत असे, २०२२ च्या नव्या रूपात ती ७२ तासांवर गेली. म्हणून पॉवर रिझर्व्ह किती, म्हणजे एकदा दिलेली चावी किती वेळ पुरते, हा प्रश्न इथे केवळ माहितीचा राहत नाही. ३६ तास म्हणजे रोज, न चुकता चावी.

तुलनेसाठी: स्वित्झर्लंडची सीओएससी ही तपासणी संस्था ज्या यांत्रिक मशीनला प्रमाणपत्र देते त्याची रोजची सरासरी चूक ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे यांत बसावी लागते. दिवसाचे सेकंद ८६,४००. हे डोळ्यांपुढे ठेवलं की थोडी चूक खटकत नाही.

अंधारात दिसतं का?

काहींत चमकणारा लेप असतो, काहींत नसतो. ओंजळीत धरून पाहा.

द्रवाचं घड्याळ थंडी-उन्हात बिघडत नाही का?

तापमानाने द्रव फुगतो आणि आकसतो, त्यामुळे शंका बरोबर आहे. उपाय रचनेतच केलेला असतो. एचवायटीत द्रव ढकलायला भात्यासारखे दोन लवचीक भाग आहेत, एक दाबला की दुसरा पसरतो, आणि तापमानाची भरपाई करायची वेगळी सोय आहे. रेसाँसच्या २०१३ मधल्या ‘टाइप ३’मध्ये घड्याळाचा वरचा कप्पा तेलाने भरलेला आहे आणि तिथेही आकारमान सांभाळायला छोटे भाते आहेत. खालचं मशीन कोरडं राहावं म्हणून गती चुंबकांनी वर पोहोचवली जाते.

ते तेल का, हे मात्र मनगटावरच कळतं. घड्याळ तिरकं करा. साध्या काचेखाली हवेचा थर असतो, प्रकाश तिथे वळतो आणि डायल खोल गेल्यासारखी दिसते. तेलात तो वळण्याचा प्रकार जवळजवळ उरत नाही. आकडे काचेच्या वरच्या पृष्ठभागावर छापल्यासारखे दिसतात, अगदी बोटाने पुसता येतील असे. पहिल्यांदा पाहणारा बहुतेक जण नकळत काचेवरून बोट फिरवतो.

व्हिडिओत सगळं दिसतं, मग घालून पाहायची गरज काय?

व्हिडिओत तासाची घडी दहा सेकंदांत दाखवतात. फिरत्या तासांचा जीव त्यांच्या संथपणात आहे. एक आकडा ० पासून ६० पर्यंत जायला पूर्ण तास घेतो, त्याची गती डोळ्यांना दिसत नाही, फक्त प्रत्येक वेळी पाहिल्यावर तो पुढे गेलेला असतो. शिवाय छायाचित्रकार वेळ निवडून फोटो काढतो. मघाशी म्हटलेली ६ वाजून ५८ मिनिटांची अडचणीची वेळ तो दाखवणार नाही.

वेळ मुद्दाम लपवणारी घड्याळंही असतात म्हणे. ती कशी पाहायची?

असतात. एर्मेसच्या २०११ मधल्या ‘ल ताँ सस्पाँदू’मध्ये बटण दाबलं की काटे १२ च्या आसपास, जिथे कुठलीच वेळ होत नाही अशा जागी जाऊन थांबतात. आत मशीन मोजत राहतं. पुन्हा दाबलं की काटे बरोबर चालू वेळेवर येतात. हे पाहताना वेळ लपवून पाच-दहा मिनिटं गप्पा मारा आणि मग परत आणा. लगेच दाबून लगेच सोडलं तर फक्त काटे पळताना दिसतात.

देखभालीबद्दल काय विचारायचं?

तीन प्रश्न पुरेत: दुरुस्ती कोण करतं, घड्याळ त्यासाठी कुठे पाठवावं लागतं आणि किती काळ आपल्याकडे नसेल. या घड्याळांचे सुटे भाग दुसऱ्या कुठल्या घड्याळात बसत नाहीत. बनवणारी कार्यशाळा लहान असेल तर पुढची काही दशकं हे भाग कोण बनवणार, हा प्रश्न संकोच न करता विचारा. चांगले घड्याळजी त्याचं उत्तर आनंदाने देतात.

घड्याळ उतरवल्यावर काय करायचं?

दुकानातून बाहेर पडल्यावर लगेच फोटो पाहत बसू नका. संध्याकाळी कागद-पेन घ्या आणि आठवून चित्र काढा: या घड्याळात ६ वाजून ५८ मिनिटं कशी दिसतील? कोणता आकडा कुठे, कोण जातोय, कोण येतोय. मग त्याच कागदावर पावणेसात काढा. दोन्ही चित्रं न अडखळता निघाली तर ते घड्याळ तुम्हाला वाचता येतं. पहिल्या चित्रापाशी हात थांबला तर पुन्हा एकदा वेळ ठरवा, आणि या वेळी तास भरायला पाच मिनिटं असताना ते मनगटावर असेल असं पाहा.